जर्कीसाठी पुठ्ठ्याचं, म्हणजे मागच्या मांडीचं, मांस घ्या, आणि वाळवण्याआधी ते तापवा

मा. संपादक,

सप्रेम जयभीम.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी बीफ जर्की, म्हणजे मोठ्याच्या (गाय-बैलाच्या) मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, करण्यावर लेख आला होता. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी म्हणून तो लिहिला होता, आणि मी त्यांच्यातलीच एक. माझं गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. तीसहून जास्त वर्षं झाली, राहते अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात. लेख दिसला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मोठ्याच्या मांसावर मराठीत वाद पुष्कळ छापून येतात, पाककृती येत नाही. पण दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: आपल्याकडे मासे वाळवतात, मांस वाळवायची पद्धत नाही. तिथे मी अडखळले. पुढे कोणतं मांस घ्यावं आणि ते कसं वाळवावं हे जे सांगितलंय, तेही चुकलंय. आमच्या भागातल्या एखाद्या म्हातारीला आधी विचारलं असतं, तर यातली एकही चूक झाली नसती. म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं, पण कापू नये ही विनंती.

आमच्याकडे वाळवलेल्या मांसाला चान्या म्हणतात. आमच्या वस्तीत माझ्या पिढीच्या कुणालाही हा शब्द सांगा, त्याच्या डोळ्यांपुढे दोरी येईल. दोन मेखांना बांधलेली, तिच्यावर हातहातभर लांब गडद लाल पट्ट्या, खाली राखणीला बसलेलं एखादं पोर. ते पोर पुष्कळदा मी असे. १९७२ चा पाऊस गेला, चारा संपला, लोकांनी बैल मिळेल त्या भावाला काढले. त्या पुढच्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. घारी आणि कुत्री हाकलायला हातात काठी घेऊन दुपारभर बसायचं आणि कावळ्यांना शिव्या द्यायच्या, एवढंच काम.

आजी विळीवर बसायची. पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर मांस. सगळ्यात आधी ती वाटणी करायची, आणि ती वाटणी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी नव्हती, मांसाची होती. ती म्हणायची, “पांढरं दिसतंय ते आजच्या भगुन्यात, लाल दिसतंय ते दोरीवर.” बरगडीचं, छातीचं, जिथे मांसात चरबीचे पापुद्रे शिरलेले असतात ते सगळं त्याच दिवशी शिजायचं. वजडी, काळीज वगैरे तर लगेचच. पुठ्ठ्याचं, म्हणजे मागच्या मांडीचं, निखळ लाल मांस तेवढं ती बाजूला काढायची. मुठीएवढा गोळा घेऊन तो विळीवर उलटसुलट फिरवत ती अशी चिरायची की गोळ्याची एकच लांब पट्टी उलगडत जायची, मांसाच्या धाग्याच्या दिशेने. मग मीठ चोळायचं आणि दोरीवर. दव पडायच्या आत संध्याकाळी सगळं घरात. तीन-चार दिवसांनी पट्टी वाकवून बघायची: कडेला तडा गेला पाहिजे, पण दोन तुकडे व्हायला नकोत. अमेरिकेत आल्यावर जर्की वाळली की नाही हे ओळखायची खूण म्हणून मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा तिथे अगदी हेच लिहिलेलं होतं.

आता आपल्या लेखाकडे. त्यात म्हटलंय, जर्की मऊ व्हायला हवी असेल तर रिबआय, म्हणजे बरगडीकडचं चरबीच्या रेघांचं मांस, घ्या, चरबीच्या बारीक रेघा जितक्या जास्त तितकी चव चांगली. तव्यावर भाजायच्या स्टेकसाठी हे खरं आहे. वाळवायच्या मांसासाठी बरोबर उलटं आहे. वाळवणं म्हणजे पाणी काढून टाकणं. मांसातलं पाणी जातं, चरबी तशीच राहते; चरबीत पाणीच इतकं थोडं असतं की ती वाळत नाही. आणि हवा लागली की काही दिवसांत ती खवटते. डब्यात राहिलेलं जुनं खोबरं ज्यांनी हुंगलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मी ते स्वतः केलं आहे म्हणून सांगते. ओमाहात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात चक रोस्ट स्वस्तात मिळाला. चक म्हणजे खांद्याचा भाग. रश्श्याला फार छान, पण त्याच्या पोटात चरबीच्या आणि चिवट पडद्यांच्या भिंतीच भिंती. मला आजीची आठवण आली होती, आणि आजीचं वाक्य मात्र आठवलं नव्हतं. पट्ट्या कापल्या, मीठ-तिखट लावलं, ओव्हनमध्ये वाळवल्या, बरणीत भरल्या. नवव्या दिवशी बरणी उघडली तर खवट वास. पट्ट्यांवर तेलकट थेंब आलेले. सगळं फेकावं लागलं. दोघांच्या पगारावर नुकतंच बस्तान बसत होतं, पाच पौंड मांस फेकताना मी रडले.

त्यानंतर मी मांस कुठून घ्यायचं ते शिकले, आणि शिकवलं दक्षिण ओमाहातल्या एका वयस्कर खाटकाने. ओमाहा हे गुरांच्या बाजारावर वाढलेलं शहर. १९५५ साली इथल्या बाजाराने शिकागोलाही मागे टाकलं होतं. १९९९ साली तो कायमचा बंद झाला. मी आले तेव्हा त्याची उतरती कळा होती, पण त्या बाजारात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं अजून दुकानांत उभी असायची. मी काउंटरवर मांस मागितलं की ते आजोबा आधी विचारायचे, कशाला हवंय? वाळवायला म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता स्वतःच्या मांडीच्या मागच्या बाजूला थाप मारली. मला वाटलं, आजीच समोर उभी आहे.

त्यांनी दिलं ते ‘आय ऑफ राउंड’. मागच्या मांडीतला एकच स्नायू, मध्यम दुधी भोपळ्यासारखा लांबट. जनावर चालतं त्या प्रत्येक पावलाला तो राबतो, त्यामुळे आत चरबी जवळपास नसते. बाहेरून एका बाजूला चरबीचा थर आणि खाली चंदेरी पडदा असतो. सुरी त्या पडद्याखाली सरकवून तो सोलून काढायचा, की आत निखळ लाल. याचा मोठा गुण असा की धागे सगळे एकाच दिशेने, लांबीत धावतात. उभं चिरलं तर आजीसारख्या चिवट पट्ट्या, आडवं चिरलं तर काकडीच्या काचऱ्यांसारख्या चकत्या, ज्या दातांखाली लवकर तुटतात. दात असतील तशी पट्टी कापावी. माझ्या मिस्टरांना हल्ली आडव्याच चकत्या चालतात.

‘टॉप राउंड’ही तितकंच चांगलं, मांडीच्या आतल्या बाजूचं, आकाराने मोठं आणि बहुधा स्वस्त. दहा-बारा माणसांसाठी करायचं असेल तर मी तेच घेते. ‘बॉटम राउंड’ चालतं, फक्त स्नायूंमधल्या फटींतली चरबी खणून काढावी लागते. ‘सर्लॉइन टिप’मध्ये दोन-तीन स्नायू एकत्र असतात, प्रत्येकाचा धागा निराळ्या दिशेला. आधी ते बोटांनी एकमेकांपासून सोडवून घ्या आणि मग चिरा, नाहीतर एकाच पट्टीचा अर्धा भाग चामड्यासारखा आणि अर्धा भाग भुगा. ‘फ्लँक’ म्हणजे पोटाचं पातळ मांस. त्याचे धागे डोळ्यांना मोजता यावेत इतके जाड आणि सरळ, वाळवायला उत्तम, पण आता ते इतकं महाग झालंय की मी त्या वाटेला जात नाही. ‘ब्रिस्केट’ म्हणजे छातीचं मांस, आजीच्या हिशेबाने सरळ भगुन्यात. टेंडरलॉइन, म्हणजे पाठीच्या कण्याखालचं सगळ्यात मऊ मांस, वाळवणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं.

आणखी एक फसगत सांगते. इथल्या दुकानांत ‘लंडन ब्रॉइल’ अशी चिठ्ठी लावलेलं मांस मिळतं. हा जनावराचा भाग नव्हे, ते शिजवायच्या एका पद्धतीचं नाव आहे. त्या चिठ्ठीखाली बहुतेक वेळा टॉप राउंड असतं, कधी फ्लँक असतं, कधी खांद्याचं मांसही असतं. चिठ्ठी न वाचता मांस वाचावं: रेघा पांढऱ्या किती, धागा कुठे जातो.

दर्जाचंही तसंच. अमेरिकेत सरकारी शिक्क्याने मांसाचे प्राइम, चॉइस, सिलेक्ट असे दर्जे लावतात, आणि ते ठरवताना मांसात चरबी किती पसरली आहे हे मुख्यतः बघतात. प्राइममध्ये सगळ्यात जास्त, सिलेक्टमध्ये सगळ्यात कमी. आपली माणसं इथे आली की पाहुण्यांसाठी म्हणून प्राइम उचलतात. जर्कीला सिलेक्टच हवं. महागातलं मांस घेऊन जर्की बिघडते आणि स्वस्तातलं घेऊन चांगली होते, हे मी गेली कित्येक वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नव्या सुनेला सांगत आले आहे. पाच पौंड मांस वाळून जेमतेम दोन पौंड उरतं, तेव्हा हा फरक खिशाला लागतो.

मांस तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट घट्ट करून घ्या, मग सुरी सरळ चालते. जाडी पाव इंच, सहा मिलिमीटर. सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या असाव्यात. जाड-बारीक झाल्या तर बारीक जळतात आणि जाड आतून ओल्या राहतात.

मसाल्याबद्दल लेखात बरंच आहे, त्यात मी पडत नाही. एकच सांगते. मी आमच्याकडचं काळं तिखट वापरते, पण जर्कीसाठी ते वेगळं कुटते, खोबरं आणि तेल न घालता. मांसातली चरबी एवढ्या कष्टाने काढायची आणि मसाल्यातून पुन्हा घालायची, असं करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे छापण्यासाठीच मी मुळात लिहायला बसले. लेखात सांगितलंय की पट्ट्या मुरवून, ओव्हन अगदी मंद ठेवून, रात्रभर वाळवायच्या आणि खायच्या. यात एक पायरी राहिली आहे आणि ती राहिली तर माणूस दवाखान्यात जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याचं सांगणं आहे की मोठ्याचं मांस वाळवायच्या आधी ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला, म्हणजे १६० फॅरनहाइटला पोचलं पाहिजे. कोंबडीचं असेल तर ७४. त्यानंतर वाळवण, ५४ ते ६० अंशांवर. क्रम उलटा चालत नाही. ओल्या मांसावर मंद गरम हवा लागते तेव्हा पाणी उडत असतं आणि त्या उडण्याने मांस थंडच राहतं. तेवढ्या वेळात त्यावरचे साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू हळूहळू कोरडे पडतात, आणि कोरडे पडलेले जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. १९९५ साली ओरेगॉन राज्यात घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलायच्या घातक प्रकाराची लागण झाली होती. त्यावर लिहिलेलं सगळं मी तेव्हा वाचून काढलं, कारण आमच्या घरात लहान मुलं होती.

मी काय करते ते सांगते. पट्ट्या मसाल्याच्या पाण्यात फ्रिजमध्ये मुरवते. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यासकट उकळी आणते, पाच मिनिटं उकळू देते, निथळते, आणि मग जाळीवर पसरते. थर्मामीटरच्या टोकाभोवती एक पट्टी गुंडाळून ७१ झालं की नाही तेही बघते. रंग थोडा करडा होतो, कच्च्यावरून वाळवलेल्या जर्कीसारखा काळपट तांबडा राहत नाही. चवीत मला फरक लागत नाही. लागला असता तरी मी उकळलंच असतं. सहा-सात तासांत वाळतं. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवायचं.

इथे वाचक विचारतील की मग तुमची आजी उन्हात कशी वाळवत होती? मीही हा प्रश्न स्वतःला पुष्कळ वर्षं विचारला. उत्तर चुलीत आहे. चान्या आम्ही कधी दोरीवरून काढून तशाच खाल्ल्या नाहीत. पोरांनी हात घातला तर आजी हातावर मारायची. चानी आधी निखाऱ्यावर भाजायची, दगडाने चेचायची आणि मग जवारीच्या भाकरीवर, नाहीतर डाळीत टाकून चांगली शिजवायची. विस्तवावरून गेल्याशिवाय ती तोंडात जात नव्हती. जर्की मात्र डब्यातून सरळ तोंडात जाते. म्हणून चान्यांना विस्तव शेवटी लागायचा, जर्कीला तो आधी लागतो. वर मराठवाड्यातला मे महिना, चाळीसच्या वरचं कोरडं ऊन. तेच कोकणात किंवा श्रावणात कुणी करायला जाईल तर मांस वाळायच्या आधी सडेल. इथेही मी उन्हात वाळवत नाही.

‘आपल्याकडे पद्धत नाही’ या वाक्याबद्दल थोडं. जर्की हा शब्द मुळात दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला. लडाखमध्ये याकचं मांस वाळवतात, नागालँडमध्ये चुलीवर धुरवून ठेवतात. जिथे जनावर मोठं, खाणारी तोंडं थोडी आणि बर्फाचं कपाट नाही, तिथे माणसाने मांस वाळवलं आहे. महाराष्ट्रातही वाळवलं. फक्त ते गावाबाहेरच्या वस्तीत वाळवलं, म्हणून लेख लिहिणाऱ्यांच्या आज्यांना ते दिसलं नाही.

मी चान्यांचे गोडवे गात नाही. त्या परंपरेत लाचारीही होती. गावात जनावर मेलं की ते ओढायचं काम आमच्या माणसांच्या माथी आणि मांस हाच मोबदला. एवढं मांस एका दिवसात संपणार नाही म्हणून ते वाळवायचं. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आणि आमच्या आजोबांनी पुढे ते सोडलं. आमच्या घरात नंतर जे आलं ते बाजारातून, पैसे मोजून आलं. पण लाचारी टाकून दिली तरी आजीच्या हातातली विद्या टाकून देण्यासारखी नव्हती. कुठला स्नायू वाळतो आणि कुठला खवटतो, धागा कुठून कुठे जातो, हे तिला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं. ओमाहातल्या खाटकाला जे चाळीस वर्षांच्या नोकरीत कळलं, ते तिला ठाऊक होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. राज्यात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे, आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा माझं पत्र वाचून कुणी अडचणीत येऊ नये. तिथल्यांनी बोकडाच्या मागच्या मांडीचं बिनहाडाचं मटण घ्यावं. मटणाची चरबी मोठ्याच्या चरबीपेक्षाही लवकर नाकाला जाणवते, म्हणून ती नखाएवढीही ठेवू नये. खाटकाला आधी सांगून ठेवलं तर तो पडदे काढून देतो. बाकी सगळं तेच: अर्धवट गोठवणं, सहा मिलिमीटर, ७१ अंश, मग वाळवण. पण गच्चीवर नको, ओव्हनमध्येच.

माझी आपल्याला विनंती आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, चौकटीत, ७१ अंशांची दुरुस्ती छापावी. बाकीचं पत्र जागेअभावी गेलं तरी ती चौकट जाऊ देऊ नये. लेखातली पद्धत कात्रण करून ठेवणारे वाचक असतात, मीही तशीच कात्रणं ठेवते. आणि ‘आपल्याकडे पद्धत नाही’ हे वाक्यही त्याच चौकटीत मागे घ्यावं. लातूर, बीड, नांदेड, परभणीकडच्या ज्या घरांत चान्या करणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडून जनावराच्या भागांची आपली नावं कुणी लिहून पाठवली तर ती छापावीत. मला पुठ्ठा, फरा आणि बरगडी एवढीच आठवतात. आजी त्या लांबट स्नायूला, ज्याला मी इतकी वर्षं आय ऑफ राउंड म्हणते आहे, काहीतरी वेगळं नाव घेऊन हाक मारायची. ते मला हवं आहे.

आपली,
तुळजापूर तालुक्यातली एक वाचक
ओमाहा, नेब्रास्का